लाईन नसलेला दिवस

माझ्या मुलीच्या पायांत सकाळी जेवढी ताकद असायची, तेवढीच दिवसभर पुरवून वापरायची, असा आमच्या घरातला नियम होता. सकाळी ती बरी चालायची. दुपारी शाळेतून आली की भिंतीला हात लावत आत यायची. संध्याकाळी जमिनीवरून उठायचं झालं तर आधी दोन्ही हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असं करत स्वतःच्याच अंगावर हातांनी चढत ती उभी राहायची. स्नायू हळूहळू अशक्त होत जाण्याचा हा आजार. त्याचं नाव लांबलचक आहे आणि मी ते लिहिणार नाही. ते ऐकलं की लोक असा काही चेहरा करतात की मला त्यांना चार शब्द सुनावावेसे वाटतात, आणि बहुतेक वेळा मी सुनावतेच.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई मात्र चेहरा करत नसत. सरळ बोलत. त्या खेपेला तपासून झाल्यावर म्हणाल्या, "चालतेय तोवर तिला जे हवंय ते करू द्या. पुढच्या वर्षी बहुतेक व्हीलचेअर लागेल. आधीच आणून ठेवलीत तर तिची दमछाक वाचेल."

मी म्हटलं, "बघू."

आपल्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही' हे त्यांनाही कळलं असावं. त्यांनी विषय वाढवला नाही. परतीच्या एसटीत मुलगी खिडकीशी बसली होती. पेण मागे पडल्यावर ती म्हणाली, "आई, मला जे हवंय ते करायचं ना? मग मला जहाजात बसायचंय."

जहाज म्हणजे खोपोलीच्या बाजूला जे मोठं पार्क आहे, तिथलं, झोपाळ्यासारखं पुढेमागे झुलणारं जहाज. तिच्या सातवीच्या वर्गाची सहल थंडीत तिथे जाऊन आली होती. शाळा हिला नेणार नव्हती असं नाही. हिनेच नाव दिलं नाही. मैत्रिणींसमोर पडले तर काय, ही धास्ती. मग मैत्रिणी परत आल्या आणि महिनाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. जहाज वर गेलं की पोटात कसा खड्डा पडतो, कोण रडलं, कोणाला उलटी झाली. ही आपली ऐकत बसायची आणि घरी येऊन मला ते सगळं सांगायची, स्वतः जाऊन आल्यासारखं.

"पण चालत जाऊन बसायचं," ती पुढे म्हणाली. "पप्पांनी उचलून नाही. आणि त्या खुर्चीतून तर मुळीच नाही."

म्हणजे डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिने दाराआडून ऐकलं होतं. मी तिला हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. पुढच्या वर्षी खुर्ची येईल ती येईल, त्याआधी माझी पोर स्वतःच्या पायांनी त्या जहाजात चढली पाहिजे, एवढंच एक डोक्यात. नवऱ्याने एकदा सुचवून पाहिलं की आपण आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाऊ, तिला घोड्यावर बसवू, फोटो काढू. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो चहाचा कप घेऊन गॅलरीत गेला.

मी पोलादपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहायला आम्ही महाडला. नवरा एमआयडीसीत शिफ्टला असतो. सहली नेणं हे आमच्या पेशात येतंच, त्यामुळे अशा ठिकाणी खरा वैरी कोण, हे मला पक्कं ठाऊक होतं. वैरी म्हणजे लाईन. मुलं दिवसभर पार्कात असतात आणि त्यातला बराचसा वेळ लोखंडी कठड्यांच्या मधे उभी असतात. इतरांच्या मुलांचा तिथे वेळ जातो. माझ्या मुलीचे पाय जाणार होते. गेटपासून जहाजापर्यंत चालण्याइतकी ताकद तिच्यात होती, वर चढायच्या पायऱ्यांपुरतीही होती. मधे उभं राहायला मात्र तिच्याकडे काही उरत नव्हतं.

मग मी अभ्यासाला लागले. चाचणीचे पेपर तपासायचे बाजूला ठेवून मोबाइलवर लोकांनी टाकलेले पार्काचे व्हिडिओ बघायचे. जहाज कुठल्या कोपऱ्यात, सावली कुठे, पायऱ्या किती उंच, कठडा दोन्ही बाजूंना आहे की एकाच. व्हिडिओ काढणारी माणसं स्वतःचीच तोंडं दाखवत फिरतात, पायऱ्या कोणी दाखवत नाही. आमच्या सहली नेणाऱ्या ड्रायव्हरला शाळेत बोलावून चहा पाजला. तो म्हणाला, "बाई, गेट उघडला का सगली पब्लिक पयल्या पालन्यावं तुटून पडते. तुमी काय करायचा, पार मागं जायाचा नि मागनं पुढं येयाचा. जहाज मागंच हाय." हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्याला दुसरा चहा पाजला.

बेत ठरत गेला. गेट उघडायच्या आधी दारात. आत शिरताच कुठेही न थांबता जहाज गाठायचं. जहाज झालं की तिला सावलीत बसवायचं, लोक जेवायला निघायच्या आत जेवून घ्यायचं, आणि लोक जेवायला बसले की अजून एखादं काही बघून घरी. आधीचा आठवडाभर तिने कमी चालायचं. एरवी संध्याकाळी आम्ही चवदार तळ्याभोवती एक सावकाश फेरी मारायचो, तीही बंद. ताकद साठवायची.

"आई, पाय म्हणजे काय पाण्याची टाकी आहे का?" मुलगी म्हणाली.

"असंच समज," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "एवढी तयारी तू डीएडला केली असतीस तर जिल्ह्यात पहिली आली असतीस."

"पहिली आले असते तर तुझ्याशी लग्न कशाला केलं असतं," मी म्हटलं. तेव्हा आम्ही अजून हसत होतो.

राहिला तो दिवस ठरवायचा. घोडं अडलं ते तिथेच. शनिवार-रविवार बाद. दिवाळी बाद, मे महिना बाद, थंडीत सगळ्या शाळांच्या सहली, पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या. साधा मधला वार काढावा तर गाडी हवी. एसटी बदलत गेलो तर तिचे पाय वाटेतच संपणार. भाड्याच्या ज्या गाड्या आमच्याकडे मिळतात त्या उंच, आत चढायलाच पाय गुडघ्यापर्यंत उचलावा लागतो. माझ्या दिराची गाडी तेवढी ठेंगणी, तिच्यात मुलगी दाराशी टेकून आपली आपण बसायची. दीर मुंबईला टुरिस्ट गाडी चालवतो आणि गाडी घेऊन गावी येतो ते दोनदाच, गणपतीला आणि शिमग्याला. गणपती म्हणजे पाऊस.

शिमग्याचं नाव निघालं आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. शिमग्याला मुंबई असते कुठे? आमच्या गावात असते. माझं सासर कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या कुशीतली वाडी. एरवी तिथे म्हातारी माणसं आणि कोंबड्या. शिमगा आला की घराघरात माणूस मावत नाही, ढोल-सनईचा खालूबाजा सुरू होतो, पालखी नाचवायला खांदे पुरून उरतात. मुंबईतल्या खोल्यांना कुलपं लागतात. हायवेवर गाड्यांची रीघ, माणगावात चक्का जाम, आणि सगळी तोंडं आमच्याकडे. मग होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, त्या पार्कात जाणार कोण? कुत्रंसुद्धा जाणार नाही. सगळे आमच्याकडे येत असताना आपण उलट्या दिशेने निघायचं. इतकी सोपी गोष्ट इतके दिवस कशी सुचली नाही, याचंच मला नवल वाटलं.

दिराला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, एकदम करेक्ट पकडलात. शिमग्याला मुंबई पूर्ण खाली असते. अख्खी पब्लिक गावाला. मी बोलतो ना तुम्हाला, लाईन नाय नि काय नाय, जहाजात तुम्ही तिघंच. टेन्शन घेऊ नका." वर्षभर तो गिऱ्हाइकांना त्या पार्काच्या दारात सोडतो आणि संध्याकाळी उचलतो. त्याच्याहून जाणकार माणूस मी आणखी कुठून आणणार होते?

होळीला आम्ही वाडीवर गेलो. पालखी आमच्या वाडीत यायची होती ती परवा, त्यामुळे धुळवडीचा दिवस मोकळा. तरी सासूबाईंचं तोंड चुलीसारखं तापलेलं. भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "सणाच्या दिशी पोरीला उन्हात कुठं नेतेस गो? परवा पालखी येल, तवा तिला पालखीखालनं काढू. मी देवीला सांगून ठेवलंय."

"काढू ना, आई. पालखी परवा आहे. उद्या जाऊन येतो."

"जहाजात बसून पाय बरं व्हनार हायत काय तिचं?"

"पालखीखालून जाऊन होणार आहेत का?" मी म्हटलं.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. मुलगी पडवीत बसली होती, तिने ऐकलं की नाही कळलं नाही. पहाटे आम्ही निघालो तेव्हा सासूबाईंनी फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या गाडीत ठेवल्या, मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

रस्ता सुरुवातीला अगदी माझ्या मनासारखा होता. पोलादपूर गेलं, महाड गेलं, आणि समोरून गाड्यांची रांग लागली. मुंबईहून उशिरा निघालेले लोक, टपांवर बॅगा, काचांना टेकून झोपलेली पोरं. आमची बाजू मोकळी. दीर एका हाताने गाडी चालवत म्हणाला, "बघा वहिनी. बोललो नव्हतो?" मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने हात जोडले. मुलगी मागे पाय लांब करून बसली होती, मी सांगितलं होतं तशी, ताकद न खर्चता. तिने नवा ड्रेस घातला होता आणि कधी नव्हे ते माझ्याकडून दोन वेण्या घालून घेतल्या होत्या. त्या तासाभरात मी इतकी सुखात होते की मला ते आता आठवलं तरी स्वतःचा राग येतो.

वाकण फाट्यावरून पालीच्या रस्त्याला लागलो. खोपोली जवळ आली तशा मोटारसायकली दिसायला लागल्या. पांढरे शर्ट, त्यांवर गुलाबी-हिरवे डाग, तोंडं रंगलेली. एक टेम्पो गेला, त्यात उभी राहून पोरं नाचत होती. मग गाड्या, एकामागून एक, सगळ्यांत रंगलेली माणसं.

"काका, आज रंगपंचमी आहे का?" मुलीने विचारलं.

आमच्याकडे रंग पंचमीला. धुळवडीला होळीची राख कपाळाला लावायची आणि पालखीच्या तयारीला लागायचं, एवढंच. मुंबईकडे रंग धुळवडीलाच खेळतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. टीव्हीवर दिसतं की. पण टीव्हीवर दिसतं ते सगळं खरंच कुठेतरी घडत असतं, हे माणसाच्या लक्षात येत नाही. सकाळी रंग खेळून झाला की त्या माणसांना पाणी हवं, गाणी हवीत, दिवसभर नाचायला जागा हवी. ती सगळी तिथे चालली होती.

पार्काच्या बाहेर गाड्या लावायला जागा नव्हती. आतून ढोलासारखा गाण्यांचा दणदणाट येत होता. दिराने गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"भावोजी," मी म्हटलं, "तुम्ही धुळवडीला मुंबईत कधी होतात?"

त्याने बराच विचार केला. खरंच केला.

"कधीच नाय, वहिनी," तो म्हणाला. "मी तर पालखीला गावालाच असतो."

उभी हयात मुंबईत काढलेल्या माणसाने शिमग्यातली मुंबई एकदाही पाहिली नव्हती. त्याला दोष देऊन काय उपयोग? मी पण तेच केलं होतं. आमची माणसं गावी आली म्हणजे जग गावी आलं, असं धरून चालले होते. मुंबई रिकामी होते ती आमच्यापुरती. बाकीची सगळी इथे उभी होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तशी माझी गत झाली. मी दिराला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा ऐकून घेऊन तिकिटाच्या लाईनीत जाऊन उभा राहिला.

"परत जायचं का?" मी मुलीला विचारलं.

"नको," ती म्हणाली.

आत शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. ड्रायव्हरने सांगितल्याप्रमाणे आम्ही थेट मागे गेलो. जहाज तिथेच होतं, व्हिडिओत दिसायचं त्याहून मोठं, आणि त्याच्यासमोर कठड्यांच्या मधे वळणावळणांनी माणसं भरली होती. मुलगी झाडाखाली बाकावर बसली. तिला धाप लागली होती, पण पाय अजून शाबूत होते. मी नवऱ्याला लाईनीत उभं केलं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना आपण, तसंच. तो लाईनीबरोबर पुढे जाईल आणि पायऱ्या जवळ आल्या की ही त्याच्या जागी जाईल. मला वाटलं, अजून काही बिघडलेलं नाही.

तो पायऱ्यांजवळ पोहोचला तेव्हा मी तिला घेऊन गेले. कठड्याखालून वाकून जाणं तिला जमणार नव्हतं म्हणून बाजूचा साखळीचा भाग उचलला, आणि मागून आवाज आला, "ओ काकू, लाईनीत या. आमच्या पण पोरी तासभर उभ्या आहेत."

मी भांडले. चांगलीच भांडले. आमचा माणूस इथे उभा आहे, जागा आमची आहे, तुम्ही कोण विचारणारे. ती बाई मागे हटेना, तिच्या मागची माणसंही बोलायला लागली. खरं तर एक वाक्य पुरलं असतं. हिला आजार आहे, उभं राहता येत नाही. हे ऐकल्यावर त्याच बाईने वाट करून दिली असती, याची मला खात्री आहे. पण मुलगी वेण्या घालून माझ्या शेजारीच उभी होती. तिच्यासमोर ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

"आई, भांडू नको," ती म्हणाली. "मी शेवटी जाऊन उभी राहते."

"अगं, तुला—"

"आणि तू येऊ नको बरोबर. पप्पा पण नको. सगळ्यांच्या आया बाहेर आहेत."

ती गेली. कठड्याला धरत, सावकाश, लाईनीच्या पार टोकाला. नवरा जागा सोडून बाहेर आला. आम्ही दोघं कठड्याच्या अलीकडे उभे राहिलो आणि मला कळेना की आता मी करू तरी काय. इतक्या दिवसांचा माझा सगळा बेत एका कामासाठी होता, तिला लाईनीत उभं राहावं लागू नये. ती लाईनीत उभी होती.

तिची प्रत्येक खूण मला पाठ आहे. आधी ती डाव्या पायावरून उजव्या पायावर जाते. मग टाचा उचलून चवड्यांवर. मग पाठ मागे टाकते आणि पोट पुढे येतं. मी एकेक खूण येताना बघत होते. जहाज वर जायचं, लोक किंचाळायचे, खाली यायचं, पुन्हा वर. मला वाटायचं, पुरे ना आता, उतरा की, किती झुलणार? त्या अनोळखी माणसांच्या मजेचा मला संताप आला. मग मी मनातल्या मनात देवीला नवस बोलले. लाईन पुढे सरकू दे, तिला पायऱ्या चढू दे, उद्या तुझी पालखी मी स्वतः डोक्यावर घेते. सासूबाईंना जे बोलले होते ते विसरले नव्हते. तरी बोलले.

तिच्या पुढे तिच्याच वयाच्या तीन-चार मुली होत्या, डोंबिवलीच्या, हे नंतर कळलं. तोंडं जांभळी झालेली. त्यांतल्या एकीने मागे वळून हिला काहीतरी विचारलं आणि आपल्या गालावरचा रंग बोटाने काढून हिच्या गालाला लावला. पुढच्या वेळी मी बघितलं तर ही हसत होती. गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. हिला गाणी भरपूर येतात, घरात पडून दुसरं काय करणार. हिच्या बाजूने समोरच्यांवर भेंडी चढवली तशी ती हात वर करून ओरडली. मैत्रिणींनी जहाजाबद्दल महिनाभर जे सांगितलं होतं, त्यातलं निम्मं लाईनीतलंच असणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण त्याने मला बरं वाटलं नाही. ती हसताना पाठ मागे टाकून उभी होती.

मग ती खाली बसली. फरशीवर, कठड्याला टेकून. त्या मुलीही बसल्या, त्यांना वाटलं मजा. मी डोळे मिटून घेतले, कारण बसली की उठावं लागणार आणि उठायची तिची रीत त्या सगळ्यांना दिसणार. घरी पाहुणे असले तर ती तासन्‌तास जमिनीवर बसून राहते, पण त्यांच्यासमोर उठत नाही. लाईन सरकली. डोळे उघडले तेव्हा तिचे हात गुडघ्यांवर होते, मग मांड्यांवर. मुलींचं गाणं थांबलं. एकीने हात पुढे केला, हिने मान हलवली आणि उठून उभी राहिली. काहीतरी बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. मग गाणं पुन्हा सुरू झालं. पुढच्या वेळी मात्र तिला उठता येईना. तेव्हा तिने त्या मुलीचा हात धरला.

अशा रीतीने ती पायऱ्यांपर्यंत आली. सगळ्या बेतात मला ज्या पायऱ्यांची काळजी होती, त्या. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला आणि उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. डावा पाय उचलेना. तिने जोर केला, खांदे वर गेले, मान ताठ झाली, पण पाय जमिनीवरच राहिला. मागे माणसं खोळंबली होती. कोणी ओरडलं नाही. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडायला तरी मिळालं असतं.

नवरा धावला. "उचलू?" त्याने हात पुढे केले. तिने मान हलवली. मग तिने मला शोधलं. मी कठड्यापाशीच होते. तिच्या चेहऱ्याला रंग लागला होता आणि त्यातून घाम उतरत होता, पण ती रडत नव्हती.

"आई, येताना गेटवर त्या खुर्च्या होत्या ना? एक आण."

"जरा बस इथे. पाणी पी. मग जमेल."

"नाही जमणार," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, वेणी सुटली म्हणावं तसं. "तू आण. या सगळ्या थांबतायत माझ्याबरोबर."

त्या दिवशी ती जहाजात बसली. खुर्ची बाजूच्या उतारावरून वर नेली, तिथल्या माणसाने तिला पट्टा लावून दिला आणि डोंबिवलीच्या मुली तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या. ती किंचाळली, तिला पोटातला खड्डा कळला, परतताना गाडीत तिने तो सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितला. ते सगळं खरं. पण माझ्या मनातून जात नाही ते त्याआधीचं. मी गेटकडे धावत होते आणि वाटेत जिथे बघावं तिथे लाईन होती. पाळण्यांना लाईन, वड्याला लाईन, आईस्क्रीमला लाईन, बायकांच्या बाथरूमला लाईन, कपडे ठेवायच्या कपाटांना लाईन, नाचायला आत सोडत होते तिथेही लाईन. ओल्या, रंगलेल्या माणसांतून अंग चोरत मी गेले. मनात एकच होतं, की खुर्च्यांपाशीही लाईन असू दे. लांबलचक असू दे. संध्याकाळपर्यंत माझा नंबर लागूच नये.

गेटजवळ एक खिडकी होती. तिच्यासमोर कोणी नव्हतं. आत एक बाई डबा खात बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तिने डबा बाजूला ठेवला, हात पुसले आणि कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या खुर्च्यांकडे बघितलं.

"या ना, मॅडम. सगळ्या मोकळ्याच आहेत. लहान देऊ की मोठी?"

मी मागे वळून बघितलं. माझ्या मागेही कोणी आलं नव्हतं.

"मॅडम, लहान की मोठी?"

पोर वाढत्या अंगाची आहे. मी म्हटलं, मोठीच द्या.